पावण्याची साखळी

सोळा नोव्हेंबर, रविवार, सकाळी साडेसात. जागा: मंगळवार पेठेतल्या आमच्या घराचं परडं, कढीपत्त्याच्या झाडाखाली.

हजर: मी. नवरा, हातात शेजारून आणलेलं फावडं. मामा, म्हणजे माझे सासरे, वय एक्याऐंशी, प्लास्टिकच्या खुर्चीत. शेजारची भाभी, फावड्याची मालकीण या नात्याने. गैरहजर: मुलगी, वारणानगरच्या वसतिगृहात, परीक्षेमुळे, रजा मंजूर. ज्याच्यासाठी जमलो होतो तो कुत्रा पोत्यावर होता. त्याला हजर धरायचं की गैरहजर, हे त्या पानावर अजून कोरंच आहे. शाळेच्या ऑफिसात सव्वीस वर्षं मस्टर सांभाळलं की माणसाला असले रोग जडतात.

यादी मी शनिवारीच केली होती, जनावरांच्या डॉक्टरांनी "आज नाहीतर उद्या" म्हटल्या म्हटल्या. खड्डा. मीठ, जाडं, दोन किलो. जुनी चादर (चांगली नव्हे). भाभीकडून फावडं. आणि पाचवं कलम: खणण्याआधी पाण्याची पाइप कुठून जाते ते बघणे. नवऱ्याने चार कलमं वाचली. तिसऱ्या घावाला परड्यात कारंजं उडालं. आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड येतं, आणि आलं तरी टाकीपर्यंत चढायचा त्याला कंटाळा असतो. त्या दिवशी मात्र ते कढीपत्त्याच्या शेंड्याला लागलं.

"पावण्याला आंघोळ घालून पाठवायलास व्हय रं?" मामा खुर्चीतून म्हणाले. त्या दिवसभरातलं त्यांचं तेवढंच बोलणं.

पावणं म्हणजे कुत्रा. त्याला कागदोपत्री एक इंग्रजी नाव होतं, मुलीने ठेवलेलं. लसीच्या कार्डावर सोडलं तर ते कुठेही वापरलं गेलं नाही. अकरा वर्षांपूर्वी दूध कट्ट्यावरून मामांच्या मागोमाग एक मरतुकडं पिल्लू घरापर्यंत आलं. मी दारातच अडवलं. मामा म्हणाले, "आसू दे गं. पावणं आलंय, एक रात ऱ्हाईल न् जाईल." मी 'एक रात्र' असं लिहून ठेवलं. असे पाहुणे आमच्याकडे पूर्वीही येऊन गेले होते, पण भिंतीवर पाय वर करणारा हा पहिलाच.

प्लंबर आला, पाइप बांधली, दोन फूट सरकून दुसरा खड्डा झाला. मीठ घातलं, माती ओढली. नवरा डोळे पुसत होता. कारंज्याचं पाणी उडालं म्हणाला. कारंजं बंद होऊन तास झाला होता, पण मी वाद घातला नाही.

भाभीने माझ्या दंडाला धरलं. "ताई, रोना आया तो रो लो ना जरा. मशीन हो क्या तुम?"

मी म्हटलं, चादरी भिजत घालायच्यात, बारापर्यंत ऊन आहे.

आणि खरोखर बारापर्यंत मी सगळं उरकलं. पोतं कचरागाडीत. जेवणाची जर्मनची थाळी भंगारात. उरलेली औषधं दवाखान्याला परत. लसीचं कार्ड फाइलला, कारण कागद फेकायचा नसतो. 'कट्ट्यावर कळवणे, कुत्र्याचं दूध बंद' हे कलम नवऱ्याच्या नावावर. राहिली साखळी आणि पट्टा. भाभीचा भाऊ कबनूरला असतो. त्यांच्या मागाच्या शेडवर राखणीला नवा कुत्रा आणलाय असं ती बोलली होती. माझा नवरा कबनूरलाच एका यंत्रमाग कारखान्यात दिवाणजी आहे, रोज स्कूटरने जातो. वस्तू तयार, गिऱ्हाईक तयार, वाहन तयार. सोमवारी सकाळी साखळी कबनूरला रवाना झाली. माणूस जातो तेव्हा त्याच्या वस्तूंवर घरात वर्ष वर्ष वाद चालतात. मी एका कुत्र्याचा निकाल सव्वीस तासांत लावला. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणाल्या, "केवढी खंबीर गं तू." मीही तसंच समजत होते.

फक्त भाकऱ्यांचा हिशोब चुकायला लागला. पीठ मी वाटीने मोजून घेते, तरी रोज रात्री एक भाकरी उरायची. यंत्रातच काहीतरी बिघाड असणार.

आता मामांविषयी, कारण खरी गोष्ट त्यांच्या डाव्या पायाची आहे.

मामांनी उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथ चालवला. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं आठवड्यात परत आलं, दुप्पट जोराने आलं, पण डावा पाय ओढायला लागले. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी घरी यायची. ती रबरी चेंडू दाबायला सांगायची; मामा तो चेंडू कुत्र्याला टाकायचे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पाय चालता ठेवा. बसले की पलंग, आणि या वयात पलंगावरून उठून कोणी येत नाही." मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

त्यांना चालतं केलं ते कुत्र्याने. सकाळी साडेसहाला टोपी घालून मामा निघायचे, साखळीचे दोन वेढे डाव्या हाताला, कुत्रा डाव्या अंगाला. कोल्हापुरात कट्ट्यावर गवळी म्हशी आणून बांधतात आणि समोर धार काढून गिलास हातात देतात. बाहेरगावच्यांना हे नवल वाटतं, आम्हाला पिशवीतलं दूध नवल वाटतं. कट्टा आमच्या घरापासून माझ्या पायांनी पंधरा मिनिटांवर. त्या दोघांना पाऊण तास लागायचा. कुत्रा प्रत्येक खांबाला थांबायचा आणि मामा प्रत्येक ओट्याला, त्यामुळे वेगाची तक्रार कोणाचीच नव्हती. तिथे कुत्र्यासाठी म्हणून अर्धा लिटर दूध घ्यायचं, त्याने ते तिथेच प्यायचं आणि दोघांनी परत यायचं. कुत्र्याची कॅल्शियमची गरज मामांनीच मला पटवली होती. मामांना स्वतःला म्हशीचं दूध बंद होतं, कोलेस्टेरॉलमुळे. त्यांना मी घरी साय काढलेलं गाईचं द्यायचे. ते कप उजेडात धरून बघायचे आणि म्हणायचे, "ह्यात म्हस न्हाय. म्हशीचा फोटू हाय."

कुत्रा गेल्यावर सोमवारी साडेसहाला मामा टोपी घालून पायरीवर बसले. डावा हात गुडघ्यावर, पालथा नव्हे, उताणा. सात वाजता म्हणाले, "आज नगो." मंगळवारीही नगो. बुधवारपासून टोपीसुद्धा घातली नाही. आठवड्यात भिंत धरून संडासला जायला लागले. दहाव्या दिवशी डाव्या पायातली चप्पल उंबऱ्याशी गळून पडली आणि त्यांना कळलंच नाही. तसेच एका पायात चप्पल घालून आत आले. मी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पायाला टाचणी टोचून बघितली आणि माझ्याकडे पाहिलं. "महिनाभर असेच बसले तर मग मला विचारायला येऊ नका," ते म्हणाले.

माझ्यासमोर प्रश्न आला की मी रकाने आखते. या वेळी रकान्याचं नाव होतं: छंद.

छंद हा आमच्या वयाच्या बायकांना सगळेजण सुचवतात. सासरे, मुलगी, नवरा, पाइप आणि मुख्याध्यापक हे सगळं सांभाळून झालं की जो वेळ उरतो त्यात आपण स्वतःला शोधायचं असतं. मीही शोधलं होतं. चार वर्षांपूर्वी जलरंगांचा संच आणला, वहीत 'बुधवार, सायंकाळी, चित्रकला' असं लिहिलं, आणि दर बुधवारी ते पुढच्या बुधवारवर ढकललं. संचाचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. असे माझे सगळे न वापरलेले छंद मी मामांच्या नावावर केले.

जलरंग: मामांनी ब्रश अंगठ्यावर फिरवून बघितला, "ब्रश ब्येस हाय" म्हणाले, आणि त्याने फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. फाटक आता वाजत नाही. चित्र झालं नाही.

बागेतला हास्यक्लब: मी स्कूटरवरून नेऊन सोडलं, तासाने आणायला गेले. मामा बाकावर एकटे बसले होते. "हसा म्हणत्यात," ते म्हणाले. "कशाला ते सांगत न्हाईत."

बसल्या जागी मारायची पेडलं, ऑनलाइन मागवलेली: टॉवेल वाळायला चांगली.

माझ्याबरोबर चालणे: हे मी एकदाच केलं. शाळेला निघायच्या आधी माझ्याकडे चाळीस मिनिटं होती, आणि मोबाइलमध्ये पावलं मोजायचं ॲप. मी "मामा, चला" म्हणत चार पावलं पुढे. कोपऱ्यावर ते उभे राहिले. "तू चालायला आल्यास का वरातीला?" म्हणाले आणि माघारी फिरले. परत येताना भिंतीला हात होता.

नवऱ्याने आपलं योगदान जेवताना दिलं. "आबा, दुसरा कुत्रा आणूया काय?"

मामांनी घास खाली ठेवला. "मी मेल्यावर हिला दुसरा सासरा आणणार हायस काय?"

हा रकाना मी स्वतःच खोडला.

तेराव्या दिवशी, शुक्रवारी, मुलीची परीक्षा संपली आणि तिने वडिलांना एक चित्र करून पाठवलं. कुत्र्याचा फोटो, भोवती झेंडूची चौकट, वर समई, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि त्याखाली 'आमच्या घराचा आधार हरपला'. "पप्पा, तेराव्याला स्टेटसला ठेवा," असं तिचं म्हणणं. पप्पांनी ठेवलं. आता कुत्र्याचा एकट्याचा धड फोटो आमच्या घरात एकही नव्हता, कारण फोटोला तो स्थिर उभा राहायचा तो फक्त मामांच्या शेजारी. तेव्हा चित्रात मधोमध मामा होते, टोपी घालून, छान हसत. कुत्रा डावीकडे, कानापासून शेपटीपर्यंत पूर्ण, पण श्रद्धांजलीत कुत्र्याकडे कोण बघतं?

चित्र बनवणारी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ठेवणारा दिवाणजी आहे, रोज शंभर चिठ्ठ्या तपासतो. आणि मी, जी लोकांच्या दाखल्यातली वेलांटी पकडते, तिने ते संध्याकाळी बघितलं आणि "चौकट बरी आहे" म्हटलं.

आमच्या माणसांत मयताची बातमी आली की फोन करत नाहीत. 'खरंच गेले का हो?' असं कोणी कोणाला विचारतं का? निघायचं असतं. शनिवारी सकाळी आठला गल्लीच्या तोंडाशी वडापची जीप थांबली आणि तिथूनच रडणं सुरू झालं. मामांची चुलत बहीण, गडहिंग्लजकडची आत्याबाई, पदर तोंडाला लावून पुढे. मागे दोन सुना, डोक्यावर बुट्ट्या.

मामा पायरीवर बसून दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण.

"कोण गेलं गं?" त्यांनी विचारलं.

आत्याबाईने रडं तिथेच गिळलं. वर बघितलं, खाली बघितलं. मग तोंड सुटलं. "मुडद्या! जित्ता हाईस? आन् मी गडहिंग्लजपासनं रडत आलो की रं... न्हाय, कागलपासनं!" रडण्याचं अंतर तिला राग आल्यामुळे नीट आठवत नव्हतं. "लाज न्हाय वाटत, जित्त्यापनी फोटूला हार घालून घ्यायला?"

"मी न्हाय घातला. सुनंला विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा मोबाइलकडे पाहत होता, आणि प्रथमच वाचत होता.

बुट्ट्यांत कडू घास होता. ज्या घरात मयत झालंय तिथे चूल पेटवायची नसते, म्हणून नातलग भाकरी-पिठलं करून नेतात. आता ते परत न्यायचं नसतं, आणि टाकायचंही नसतं. आत्याबाईने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "वाढा." मामांनी साबण पुसला, पाट घेतला आणि स्वतःच्या मरणाचा कडू घास दोन भाकऱ्या मागून खाल्ला. "पिठल्यात मीठ कमी हाय," म्हणाले. आत्याबाईच्या एका सुनेने सांगितलं, घाईत केलं, रडू आवरत नव्हतं. "मग खारट व्हायला पायजे हुतं," मामा म्हणाले. तेरा दिवसांत ते पहिल्यांदा पोटभर जेवले होते. मी ते लिहून ठेवलं.

पानं उचलतोय तोवर फाटकात मोटारसायकल थांबली. कट्ट्यावरचा गवळी, खांद्याला धारेचा पंचा तसाच, हातात झेंडूचा हार. 'कट्ट्यावर कळवणे' हे कलम नवरा विसरला होता. म्हणजे बारा दिवस मामा गायब, आणि तेराव्या दिवशी स्टेटस. कट्ट्यावर कोणाला शंका यायचं कारणच उरलं नव्हतं.

गवळी मामांना बघून हार पाठीमागे लपवायला लागला. "आबा! अवो, काल सांजच्याला आमी कट्ट्यावर दोन मिंटं हुबारलो की तुमच्यासाठनं."

"म्हशी बी?"

"म्हशी हुब्याच असत्यात की वो." त्याने हार शेवटी कुंपणावर ठेवला. "मग येत का न्हाईसा? तुमचा गिलास वायला ठेवलाय. कुणाला दिला न्हाय."

मी भांडी ठेवली. "गिलास? कुत्रा गिलासात प्यायचा?"

"कुत्रा?" गवळी हसला. "कुत्र्याला फेस की वो, वैनी. दूध आबा..." आणि तिथे त्याला माझा चेहरा दिसला. तो मोटारसायकलच्या आरशात बघून पंचा नीट करायला लागला.

तीन वर्षं. तीन वर्षं सहा-सहा महिन्यांनी मामांचं रक्त तपासलं, कोलेस्टेरॉल का उतरत नाही म्हणून डॉक्टरांनी आणि मी दोनदा गोळ्या बदलल्या, मी घरातलं तेल बदललं, खोबरं बंद केलं, नवऱ्याचं निष्पाप अंडं बंद केलं. सगळे रिपोर्ट तारीखवार लावलेले आहेत. आणि या सगळ्या काळात सकाळी सात वाजून पंधरा मिनिटांनी कट्ट्यावर अर्धा लिटर फेसाळ म्हस उभी राहून आत जात होती.

"मामा," मी म्हटलं, "मी वहीत 'चालणे' लिहीत होते. रोज."

"चालायला कोण जातंय गं?" मामा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "दुधाला जायचो. वाट मधी लागायची."

आत्याबाईच्या सुना पिठल्याच्या भांड्यात बघत होत्या.

"मग आता काय झालं जायला?" मी विचारलं. रागानेच विचारलं.

"कुणाच्या नावावर जाऊ?" ते म्हणाले. मग डावा हात पुढे केला, उताणा, पायरीवर ठेवायचे तसा. "आन् ह्यो कुटं ठिवू? साखळी कुटं हाय?"

आमच्या घरात कुठली वस्तू कुठे आहे हे अंधारात मला विचारा. मुलीच्या पहिलीच्या प्रगतिपुस्तकापासून फ्यूजच्या तारेपर्यंत. मी म्हटलं, "कबनूरला."

"आणि कबनूरला काय करायलीया?"

"भाभीच्या भावाच्या कुत्र्याला दिली."

मामांनी मान हलवली. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांचं ओरडणं मला पाठ आहे, त्याला माझ्याकडे उत्तरं आहेत. ते फक्त "बरं" म्हणाले आणि भिंत धरून आत गेले. डावी चप्पल पायरीवरच राहिली. आत्याबाईने ती उचलली, फुंकर मारून धूळ झाडली, आणि माझ्या हातात दिली. "लई हुशार हाईस तू, बाई," ती म्हणाली. मला ते कौतुक वाटलं नाही.

त्या दुपारी मी चादरी भिजत घातल्या नाहीत. भाभीकडे गेले. तिच्या शिलाई मशीनशेजारी बसले आणि जे सोळा तारखेला करायचं राहिलं होतं ते केलं. भाभीने मशीन थांबवलं नाही, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. शेवटी तिने ब्लाउजचा उरलेला तुकडा नाक पुसायला दिला आणि म्हणाली, "हो गया? अब सुनो, भाई को बोलती मैं."

रविवारी, तीस तारखेला, सकाळी साडेसहाला मी मामांच्या खोलीत गेले. अटी कागदावर लिहून नेल्या होत्या. एक: अर्धा गिलास, जास्त नाही. दोन: चालत. तीन: डॉक्टरांना मी सांगणार.

मामांनी चष्मा लावून वाचलं. "फेस?"

"फेस अटीत नाही."

"म्हंजे भरपूर," म्हणाले आणि टोपी शोधायला लागले.

प्रश्न हाताचा होता. काठी ते धरत नाहीत; काठी म्हाताऱ्यांची असते. माझा हात धरणं दोघांनाही जमण्यासारखं नव्हतं, सासरा-सुनेची तशी पद्धत नाही. मी बाजाराची कापडी पिशवी घेतली, एक बंद मी धरला, एक त्यांच्या डाव्या हातात दिला. पिशवीत वजनाला दोन बटाटे टाकले, म्हणजे ती ताणून राहील. मामांनी बंदाला एक वेढा दिला, जरा ओढून बघितलं. मी ओढले गेले. "चाललंय," ते म्हणाले.

वाटेत मी पुढे गेले नाही, कारण जाता येत नव्हतं. ते ओट्याला थांबले की मी थांबायचे. चप्पल दोनदा निघाली, दोनदा घातली. पेठेत बातमी आधी पोचते आणि दुरुस्ती मागून रांगत येते; चहाच्या गाड्यावरचा माणूस उकळता चहा तसाच सोडून बाहेर आला.

"आबा! तुमी तर..."

"परत आलो," मामा म्हणाले. "तितं दूध पातळ हाय."

कट्ट्याला पोचायला आम्हाला एक तास पाच मिनिटं लागली. गवळ्याने वेगळा ठेवलेला गिलास काढला, म्हशीखाली बसला, धार सोडली. अर्ध्यावर मी हात वर केला. त्याने मामांकडे बघितलं. मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं, जणू सगळी सत्ता आता माझ्याकडेच होती. मग दुसऱ्या भांड्यात वरचा फेस काढून गवळी थबकला. इतकी वर्षं तो फेस खाली ठेवायची त्याला सवय.

"ह्यो?"

"हिला," मामा म्हणाले.

मी प्याले. कोमट होता, आणि तोंडात गेल्यावर काहीच उरत नव्हतं. ओठाला मिशी आली. ती पुसायला माझा हात मोकळा नव्हता.

तेव्हापासून ही नेमणूक माझ्याकडे आहे. डावं अंग, पिशवीचा एक बंद, फेस. पगारवाढ नाही. शाळेत मला दहा मिनिटं उशीर होतो. सव्वीस वर्षं मी इतरांच्या नावापुढे लाल शाईने उशीर लिहिला, आता स्वतःच्या लिहिते, शाई तीच. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं. मी 'घरगुती' लिहिलं. महिन्याने डॉक्टरांनी पायाला टाचणी टोचली तर मामांनी त्यांना शिवी दिली. "उत्तम," डॉक्टर म्हणाले. अर्ध्या गिलासाचं मी त्यांना सांगितलं. त्यांनी बराच वेळ कागदावर काहीतरी लिहिलं आणि मग वर न बघता म्हणाले, "मला हे कळलं नाही." अटीप्रमाणे माझं काम झालं.

चित्रकलेचा संच कपाटात आहे, ब्रश सोडून. रविवारी नवं पान लावते. या रविवारचं असं: गॅसचा नंबर लावला, झालं. मुलीला स्वेटर पाठवला, झालं. परड्यातली पाइप पुन्हा गळतेय, प्लंबर येऊन गेला, झालं. कढीपत्त्याखालची माती खचली होती, भर घातली, झालं.

भाभीच्या भावाने स्वतःच्या कुत्र्याला नवी साखळी घेतली आणि जुनी नवऱ्याकडे परत दिली, कागदात गुंडाळून. नवऱ्याने ती स्कूटरच्या डिकीत ठेवली आणि मला तसं सांगितलं. त्याला तीन आठवडे झाले. मामा एकदा म्हणाले, "कबनूरचं काय झालं?" मी म्हटलं, बघते. स्कूटर रोज फाटकात उभी असते. किल्ली खिळ्याला, माझ्या हाताच्या उंचीवर.

साखळी डिकीतून घरात आणणे: बाकी.